मागे वळून पाहिल्याचा रकाना

सरांविषयी कुणी आदरानं बोलायला लागलं की मला ठसका लागतो. परवा परभणीत एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "तुमी गंगाखेडला त्या सरांच्या क्लासमधी होतात न्हाई का? काय विद्वान माणूस हो. काळाच्या चार पावलं पुढं." मी तोंडातली जिलबी कशीबशी गिळली आणि मान हलवली. लग्नघरात कशाला वाद. पण मी त्या विद्वान माणसाच्या हाताखाली साडेपाच वर्षं काढली आहेत, आणि मला सर आठवतात ते कायम कुणाच्या तरी पाठीमागे उभे असलेले. गळ्यात पीटीच्या मास्तरांसारखं स्टॉपवॉच, हातात लांबुडकी वही, पेन दातांत. पुढ्यातल्या खुर्चीवर एखादा घामेजलेला जीव संगणकाच्या पडद्याकडे बघत बसलेला. आणि सर गप्प.

हे गप्प राहणं म्हणजे त्यांचा सिद्धांत होता.

गंगाखेडला एसटी स्टँडकडून बाजाराकडे वळलं की खताच्या दुकानावर माडी आहे, तिथे त्यांचा क्लास होता. मी राणीसावरगावची. रोज सकाळच्या गाडीनं यायचे आणि पोरापोरींना टायपिंग, पत्र, तक्ते, असलं सगळं शिकवायचे. क्लासात दहा संगणक. सात माझ्या ताब्यात, त्यांच्यावर क्लास चालायचा. उरलेले तीन खिडकीपाशी एका ओळीत, मध्ये जुन्या साडीचा पडदा. त्या भागाला सर 'प्रयोगशाळा' म्हणत, आणि तिथे जाताना चपला काढाव्या लागत. देवघरासमोर सरांनी कधी चपला काढलेल्या मी पाहिल्या नाहीत, कारण त्यांच्या घरात देवघरच नव्हतं. ती हौस त्यांनी इथे भागवून घेतली होती.

त्या तीन यंत्रांवर लिनक्स होतं. ही फुकट मिळणारी प्रणाली, आणि तिची गंमत अशी की पडद्याचा तोंडवळा आपल्याला हवा तो बसवता येतो. यंत्र तेच, पोटातलं सगळं तेच, चेहरा वेगळा. ह्या चेहऱ्याला डेस्कटॉप म्हणतात, आणि असे चेहरे डझनावारी मिळतात. सरांना आयुष्यात एकच प्रश्न पडला होता. ज्यानं जन्मात संगणकाला हात लावलेला नाही, त्याला ह्यातला कुठला चेहरा सगळ्यात सोपा? प्रश्न वाईट नव्हता, हे मी कबूल करते. दुसऱ्या कुणी तो दोन महिन्यांत सोडवला असता आणि चार शाळांना त्याचा उपयोग झाला असता. सरांनी त्यावर चौदा वर्षं लावली.

तीन चेहऱ्यांना त्यांनी तीन नावं दिली होती. 'किराणा' म्हणजे सगळा माल समोर मांडलेला, मोठी मोठी चित्रं, बोट दाखवा आणि घ्या. 'कचेरी' म्हणजे सगळं खणांत ठेवलेलं, एक यादी उघडायची, तिच्यातून दुसरी, दुसरीतून तिसरी. आणि 'मैदान' म्हणजे पडद्यावर काहीच नाही, नुसता निळा रंग. बाण वरच्या कोपऱ्यात नेला की मग सगळं बाहेर येतं. परदेशातले शहाणे लोक मैदानाची फार तारीफ करतात, असं सर सांगत. सांगताना चेहरा असा करत, जणू ते शहाणे लोक त्यांना रोज फोन करून सल्ला विचारतात.

प्रयोगाला माणूस लागे तो 'कोरा'. हा सरांचा शब्द. ज्यानं संगणक कधी चालवला नाही तो कोरा. एकदा खुर्चीत बसून उठला की तो वापरलेला, पुन्हा कामाचा नाही. आणि बसलेल्या कोऱ्याला कुणी एक अक्षर सांगायचं नाही. "सांगितलं की नासलं," सर म्हणत. एकदा एक म्हातारा बाण शोधत होता आणि मला राहवलं नाही, मी बोटानं दाखवला. सरांनी त्याचं पान वहीतून फाडलं, चार घड्या घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हा माणूस तू खाल्लास."

वहीत रकाने होते. किती वेळा उसासा टाकला. किती वेळा डोकं खाजवलं. किती वेळा 'आता?' म्हणाला. आणि शेवटचा रकाना, 'मागे वळून पाहिले'. हा रकाना नेहमी काठोकाठ भरलेला असायचा. सर त्याच्यावर फार खूश. "माणूस माघं कधी वळतो? पडदा त्याच्याशी नीट बोलत न्हाई तेव्हा. एकेक वळणं म्हंजे पडद्याची एकेक चूक. चूक माणसाची नसती, पडद्याची असती." हे वाक्य त्यांनी पाटीवर रंगवून घेतलं होतं. ते वाचून मला पहिल्या दिवशी भरून आलं होतं. इतक्या समजूतदार माणसाकडे आपल्याला नोकरी मिळाली, असं वाटलं. वय लहान होतं माझं.

कोऱ्यांचे किस्से सांगू तेवढे थोडे. सोमवारच्या बाजाराला शेळ्या विकायला आलेला एक मामा सरांनी चहाभजी देऊन वर आणला आणि मैदानासमोर बसवला. मामा हात मांडीवर ठेवून निळ्या पडद्याकडे बघत राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मामा मधून मधून मागे वळून सरांकडे बघे, सर वहीत फुली मारत. अकराव्या मिनिटाला मामा अदबीनं म्हणाला, "चालू झालं की सांगा साहेब, शेळ्या उन्हात हायत." यंत्र सकाळपासून चालूच होतं. सरांनी स्टॉपवॉच थांबवलं आणि मामाच्या खांद्यावर थाप मारली. दोघंही समाधानानं जिना उतरले. मामाला तो दवाखान्यातला कसला तरी फोटो काढण्याचा प्रकार वाटला होता, हे मला नंतर कळलं.

एका बाईला किराण्यासमोर बसवलं. कपाळावर आठ्या घालून तिनं जरा वेळ सगळी चित्रं न्याहाळली आणि मग एकेक उचलून खालच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीत नेऊन टाकलं. पडदा लख्ख मोकळा झाला. "लय पसारा करून ठिवला व्हता, आवरला," असं म्हणून तिनं हात झटकले. सर म्हणाले, ही फार मोलाची नोंद आहे. मोलाची नोंद त्यांची, दुपारभर एकेक वस्तू टोपलीतून काढून जागेवर ठेवायचं काम माझं.

पण खरा तमाशा झाला तो माझ्या गावात. मोबाइल घरोघर झाल्यावर कोरे मिळेनासे झाले. कुणाकडे बटनाऐवजी काचेचा फोन दिसला की सर असा चेहरा करत, जणू तो माणूस त्यांच्याच चुकीनं गेला. मग ते वही घेऊन राणीसावरगावच्या बाजारात उभे राहिले आणि विचारायला लागले, "संगणक येत न्हाई असं कोण हाय? नाव सांगा." आमच्या गावात हातात वही घेऊन नाव विचारणारा माणूस आला म्हणजे योजना आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाखेडला खताच्या दुकानापासून रस्त्यापर्यंत माझ्या गावकऱ्यांची रांग लागली. प्रत्येकाच्या हातात आधारकार्डाची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइझ दोन फोटो. रांगेत माझा चुलतकाका होता, त्याच्याकडे लॅपटॉप आहे. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, "हळू बोल की. येत न्हाई असं लिहून दिलंय मी." नंतर वर्षभर माझ्या वडलांना पारावर लोक विचारत होते, पोरीला म्हणावं, आमचं नाव वर गेलं का. सरांना ह्यातलं काही शिवलं नाही. त्यांनी रांगेतून तीन कोरे निवडून घेतले आणि बाकीच्यांना उद्या या म्हणून सांगितलं. उद्याही लोक आले.

सगळ्यात मोठा साठा मात्र त्यांनी घरी ठेवला होता. सरांची बायको. आम्ही त्यांना काकू म्हणायचो.

काकू गंगाखेडच्या वाचनालयात कामाला होत्या. एकोणीस वर्षं. गोदावरीकडे जाणाऱ्या गल्लीत दोन खोल्यांचं वाचनालय, आठ कपाटं, एक टेबल आणि कार्डांचा लाकडी खोका. कुणाला काय वाचायला आवडतं ते काकूंना पाठ. सकाळी आणि संध्याकाळी त्या तिथे बसत आणि दुपारी घरी. अख्ख्या गावाला संगणक शिकवणाऱ्या माणसाच्या बायकोनं संगणकाला बोट लावलेलं नव्हतं, कारण सरांनी लावू दिलं नव्हतं. काचेचा फोनही नाही. नाशिकला दिलेल्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला की सर फोन स्वतःच्या हातात धरून काकूंच्या तोंडासमोर नेत आणि म्हणत, "हात माघं घे." काकू दोन्ही हात पदरात गुंडाळून नातवाशी बोलायच्या. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. नातू पडद्यावर बोट लावून 'आजी' म्हणायचा आणि आजीला त्याच्या गालावर बोट ठेवायची मुभा नव्हती.

"ही माझा शेवटचा कोरा कागद," सर आल्यागेल्याला कौतुकानं सांगत. ह्याला ते प्रेम समजत असावेत.

मग वाचनालयाच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. आता कार्ड नको, खोका नको, सगळी पुस्तकं आणि सभासद संगणकात. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी काकूंनी संगणकावर एका सभासदाचं नाव शोधायचं, पुस्तक त्याच्या नावावर टाकायचं आणि चिठ्ठी छापून द्यायची. जमलं तर काकू खुर्चीवर. नाही जमलं तर गुरुजींची धाकटी सून कोर्स करून घरी बसलेलीच होती. आणि वाचनालयात कुठला डेस्कटॉप बसवायचा ते सरांनी सांगावं, कारण गावात ह्या विषयातला दुसरा माणूस नाही.

सरांना आभाळ ठेंगणं झालं. चौदा वर्षांचा प्रयोग, शेवटचा कोरा माणूस आणि समोर अख्खी कमिटी. तिन्ही यंत्रं वाचनालयात न्यायची, काकूंना एकेकासमोर बसवायचं, आणि जो चेहरा जिंकेल तो वाचनालयाचा. मी त्या वेळी तिथेच होते. काकू म्हणाल्या, "मला आधी शिकवा की हो थोडं."

सर म्हणाले, "शिकवलं की वाया गेलीस."

"आन माझी खुर्ची?"

"पडदा चांगला असंल तर जमंलच की तुला."

दुसऱ्या दिवशी सर कोऱ्यांच्या शोधात कुठल्याशा बाजाराला गेल्यावर काकू जिना चढून वर आल्या. साडीच्या पडद्यापाशी चपला काढल्या आणि मला म्हणाल्या, "माय, घरी माझ्याशी कोण बोलतंय? दोन टाइम तिथं जाऊन बसते म्हणून माणसात हाये. ती खुर्ची गेली तर मी काय करू सांग."

मी त्यांना शिकवलं. सहा आठवडे, सर बाहेर गेले की दुपारी. पहिल्या दिवशी त्यांनी माऊस पदरानं पुसला आणि मगच धरला. मी मागे उभी राहून सांगायचे, वर न्या, डावीकडे, आता दाबा. पहिला आठवडा बाण भलतीकडेच जायचा, पण मधूनच मी खाली चहा सांगायला गेले आणि परत आले की काम होऊन बसलेलं असायचं. मला वाटायचं, काय छान शिकवते मी.

तिन्ही चेहरे त्यांनी करून पाहिले. किराणा त्यांना मुळीच आवडला नाही. म्हणाल्या, "सगळं उघड्यावर मांडलंय, कोण कधी काय उचलून नेतंय." मैदान बघून म्हणाल्या, "हे वाचनालय बंद असल्यागत दिसायलंय." पण कचेरी उघडल्यावर त्यांचा चेहरा खुलला. एका यादीतून दुसरी यादी उघडताना त्या मान हलवायला लागल्या. ज्या कचेरीत भलेभले हरवत होते, तिथे काकू पदर खोचून घरच्यासारख्या फिरत होत्या. सरांच्या वहीत हे कुठेच येणार नव्हतं. सरांनी चौदा वर्षांत एकाही कोऱ्याला, तुला काय वाटलं, असं विचारलेलं नव्हतं. तसा रकानाच नव्हता.

रविवारी सकाळी तिन्ही यंत्रं ऑटोतून वाचनालयात आली. टेबलं लावली, तिन्हींना मिळून एक प्रिंटर जोडला. गुरुजी आणि कमिटीचे आणखी दोघं बाकावर बसले. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि नवी वही काढली होती. काकू किराण्यासमोर बसल्या. सर पाठीमागे उभे राहिले आणि स्टॉपवॉचचा खटका वाजला.

काकूंचा हात माऊसवर तसाच राहिला.

मला वाटलं, सरांना संशय येऊ नये म्हणून वेळ घेतायत. मग पाहिलं तर त्यांच्या मानेवर घाम होता. बाण एका कोपऱ्यात अडकून पडला होता. मागच्या आठवड्यात दोन मिनिटांत केलेलं काम, आणि आता त्यांना समोरचं एवढं मोठं चित्र दिसत नव्हतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. सरांनी फुली मारली. पुन्हा वळल्या. पुन्हा फुली. किराण्यावर नऊ वेळा, कचेरीवर अकरा वेळा. मैदानासमोर बसल्यावर तर त्यांनी हात मांडीवर घेतले, त्या शेळ्यावाल्या मामासारखे, आणि चौदा वेळा वळून पाहिलं. चिठ्ठी एकही निघाली नाही.

सरांनी बेरीज केली आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्यांचा आवाज आनंदानं कापत होता. "गुरुजी, निकाल लागला. किराणा. फकस्त नऊ वेळा."

गुरुजी बाकावर चुळबुळले. ते वाईट माणूस नव्हते. "निकालाचं ठीक हाय सर, पण बाईंना कुठल्याच मशीनवर जमलं न्हाई. मंग उद्यापासून सुनेलाच यायला सांगतो. काय करता."

सरांनी मान डोलावली. नुसती मान डोलावली. बायकोची एकोणीस वर्षांची खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर जात होती आणि हा माणूस पट्टीनं वहीत चौकट आखत होता. मला इतका संताप आला की ती पट्टी हिसकावून घ्यावी. इतक्या वर्षांत 'चूक माणसाची नसती' म्हणणाऱ्या ह्या गृहस्थाला समोरचं माणूस कधी दिसलंच नव्हतं.

काकू खुर्चीतच होत्या. त्यांनी पदरानं मान पुसली आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "अहो, तुमी जरा बाहीर जाऊन बसा."

सरांना कळलं नाही. "मी बाहीर गेलो तर नोंद कोण घेईल?"

"कुणीच नगं घ्यायला. पाठीवर कुणाचे डोळे असले की मला माझं नाव बी सुचत न्हाई."

गुरुजी म्हणाले, "जा हो सर. बघू तर द्या." सर वही घेऊन निघाले. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. तेवढ्यात काकू माझ्याकडे वळल्या. "तू बी जा माय. तू बी माघंच उभी असतीस."

मीही गेले.

वाचनालयाच्या पायरीवर, वाचकांच्या चपलांमध्ये आम्ही दोघं बसलो. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. गल्लीतून एक बैलगाडी गेली. सरांच्या गळ्यात स्टॉपवॉच लोंबत होतं, ते चालू करायला ते विसरले होते. मी तिकडे बघायचं टाळत होते, कारण माझंही तोंड झोंबल्यासारखं झालं होतं. सुरुवातीला मी चहा सांगायला खाली जायचे तेव्हाच काकूंचं काम का व्हायचं, ते मला आता कळत होतं. सहा आठवडे मी स्वतःची पाठ थोपटत होते.

आत प्रिंटर खरखरला. एक चिठ्ठी निघाल्याचा आवाज. सरांनी मान वर केली. थोड्या वेळानं पुन्हा खरखरला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि प्रिंटर तिसऱ्यांदा खरखरला.

सरांनी वही उघडली. आधी आजचं पान पाहिलं. पिशवीतून मागच्या वर्षाची वही काढली, तिची पानं उलटली. शेवटच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेत होते. एकोणीस. बावीस. सतरा. मग एका आकड्यावर त्यांचं बोट थांबलं आणि त्यांनी मला विचारलं, "हे सगळे माझ्याकडंच बघायलते का गं?"

मी म्हणाले, "मग काय सर, पडद्याकडं बघायला माघं वळायलते का?"

हे मी दुखवण्यासाठीच म्हणाले. चौदा वर्षांत जिना चढून आलेला एकेक माणूस ह्या माणसाच्या तोंडाकडे बघून विचारत होता, बाबा, सांग की आता काय करू. आणि हा त्याच्या प्रत्येक विनवणीला एकेक फुली मारत होता. मला त्यांची दया आली असं मी म्हणणार नाही. सरांनी वही मिटली आणि पेन खिशाला लावलं.

गुरुजी दारात आले. हातात तीन चिठ्ठ्या होत्या. "बाईच ऱ्हातील खुर्चीवर. आन ते कचेरीवालं मशीन इथं ठिवा म्हणतेत त्या."

सर उठले. वाचनालयात शिरून काकूंसमोर उभे राहिले, पहिल्यांदाच समोर. "कचेरी? कामून?"

काकू म्हणाल्या, "त्यात कपाटं हायत. माझ्या कपाटागत." आणि खोक्यातली कार्डं आवरायला लागल्या.

सर सुधारले वगैरे काही नाही. दोन वर्षं त्यांनी नवीन पद्धत चालवली. कोऱ्याला बसवायचं आणि स्वतः जिन्यात जाऊन थांबायचं. नोंद घ्यायला कुणीच नाही, त्यामुळे त्याच चौदाव्या वहीत नाव आणि तारीख एवढंच, पुढे कोरी पानं. त्या पानांवरही ते लोकांपुढे व्याख्यान देत. मग क्लास बंद पडला, मी परभणीला आले, इथे शिकवते. शिकवताना आता खुर्ची ओढून शेजारी बसते. कधी विसरून मागे उभी राहिले की समोरच्याची मान वळते, आणि मी खाली बसते. ह्याचं श्रेय मी सरांना देणार नाही, पंगतीतल्या त्या गृहस्थांना आवडलं नाही तरी.

मागच्या महिन्यात गंगाखेडला गेले होते. काकूंकडे आता स्वतःचा फोन आहे. लेकीशी बोलताना त्या तो स्वतः धरतात आणि सर कडेनं मान आत घालून नातवाला बघायची खटपट करतात. वाचनालयात टेबलाशेजारच्या कपाटात सरांच्या चौदा वह्या एका ओळीत उभ्या होत्या, पाठीवर आकडे चिकटवलेले. घरात जागा होत नव्हती म्हणून काकूंनी आणून लावल्या, आणि लावल्या म्हणजे यादीत घेतल्याच.

"कुठल्या विभागात घेतल्या?" मी विचारलं. विज्ञान म्हणाव्यात तर विज्ञान नाही, आणि विनोदात घातल्या असत्या तरी मी हरकत घेतली नसती.

"हुडक की तूच," असं म्हणून काकू खुर्चीतून उठल्या, मला बसवलं आणि पलीकडच्या कपाटाशी गेल्या.

मी यादी उघडली. तिच्यातून दुसरी, दुसरीतून तिसरी. विज्ञानात नव्हत्या. विनोदात नव्हत्या. शेवटी सापडल्या त्या 'आत्मचरित्र' ह्या खणात, पहिली ते चौदावी, लेखकाच्या जागी सरांचं पूर्ण नाव.

मला हसू येत होतं, तरी मी सरांचं नाव दोनदा वाचलं. हे काकूंनी मुद्दाम केलं की सहज, ते विचारावं म्हणून मी मागे वळून पाहिलं. काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि पुस्तकं लावत होत्या.